मास्तर व्हायचंय? आधी इयत्ता ठरवा

टी.वाय.चा निकाल लागला की मुलं आमच्या अध्यापक महाविद्यालयात येतात आणि दारातूनच विचारतात, “मॅडम, बी.एड. करू की टीईटी देऊ?” अरे, हे चहा की कॉफी नाही. बी.एड. ही पदवी, टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा. शिवाय बी.एड.ची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, तोवर होऊन गेलेली असते. तिचा फॉर्म टी.वाय.ला असतानाच भरायचा.

त्याआधी इयत्ता ठरवा. पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ते स्पष्ट केलंय. तिथे डी.एल.एड. लागतं, ज्याला आपण अजून डी.एड.च म्हणतो. वरच्या वर्गांना दोन वर्षांचं बी.एड.

टीईटी वेगळी, टेट वेगळी. दरवर्षी कुणीतरी चुकीची पुस्तकं घेऊन बसतं. टीईटीला १५० प्रश्न, १५० मिनिटं. खुल्या गटाला ९० गुण हवेत. चुकलं तरी गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोल कोरा सोडू नका. टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी, १२० मिनिटांत २०० प्रश्न. तिथे वेगच लागतो, रोज घड्याळ लावून सोडवा. राज्य सरकारच्या पवित्र पोर्टलवर शिक्षकभरतीत तिचेच गुण बघतात.

बालमानसशास्त्र मात्र पाठ करू नका. मुलं कसा विचार करतात हे सांगणारा मानसशास्त्रज्ञ पियाजे वाचलात? मग शेजारचं पाच वर्षांचं पोर बोलवा. एका बुटक्या वाटीतलं पाणी त्याच्यासमोर उंच पेल्यात ओता आणि विचारा, जास्त कशात होतं? बहुतेक ते पेल्याकडे बोट दाखवेल. भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं, हीच पियाजेची ‘अक्षय्यता’; ती त्या पोराला अजून उमगलेली नसते. त्यानंतर हा शब्द विसरून दाखवा.

माझा पहिला सराव पाठ सहावीवर होता, अपूर्णांक. पाठाचं टाचण मोत्यासारख्या अक्षरात. मी विचारलं, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? पुढच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “चतुर्थांश, बाई. तीनपेक्षा चार मोठे ना!” मी म्हटलं, “चूक, बस खाली,” आणि पुढे गेले. पाठ निरीक्षण वहीत आमच्या सरांनी एकच ओळ लिहिली: ‘भाकरी कुठे होती?’ एका भाकरीचे तीन तुकडे, दुसरीचे चार, एवढंच करायचं होतं. तेव्हापासून माझे छात्राध्यापक टाचणात वेगळा रकाना आखतात: मूल इथे काय चुकेल, आणि का. आंतरवासितेला, म्हणजे इंटर्नशिपला, शाळेत जाल तेव्हा तो रकाना भरून न्या.

आणि फलकलेखन आत्तापासून करा. फळ्याला छाती लावून उभं राहू नका, अंग तिरपं ठेवा म्हणजे मागची पोरं दिसतात. खडू किंचाळत असेल तर मोडून अर्धा करा, लांब खडूच जास्त ओरडतो.