अळणीतल्या कोंबडीचा सांगाडा घरी कसा जुळवावा

सांगलीत रविवारी सकाळी चिकनच्या दुकानात एवढंच सांगा : "तुकडे करू नका, अख्खी द्या. मान आणि पायही द्या." कोंबडी गावरान हवी, अंडी देऊन थकलेली असेल तर उत्तम. ब्रॉयलर जेमतेम सहा आठवड्यांची असते. हाडांची टोकं अजून कूर्चेचीच असतात आणि शिजताना सुटून येतात.

नुसत्या मिठावर अळणी, म्हणजे बिनमसाल्याचा रस्सा, शिजवा. हळद नको, हाडं पिवळी पडतात. मांस सुटलं की ते रश्शाला द्या, हाडं तुम्ही ठेवा. डावा पाय, उजवा पाय, मान, पंख यांच्या पातळ कापडात वेगवेगळ्या पुरचुंड्या बांधा. हा आळस केला तर नंतर बोटांची हाडं जुळता जुळत नाहीत. पुरचुंड्या भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात दोन दिवस ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. ब्लीचिंग पावडरने हाड ठिसूळ होतं. त्याऐवजी मेडिकलमधलं 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, हातमोजे घालून त्यात दिवसभर भिजवा आणि सावलीत वाळवा.

आता पुठ्ठ्यावर कण्यापासून मांडायला घ्या. मानेचे मणके साधारण 14 भरतील. आपल्या मानेत 7, जिराफाच्याही 7च. छातीच्या हाडाला होडीच्या तळासारखी उभी धार दिसेल, पंख हलवणारे स्नायू तिलाच धरून असतात. इंग्रजी व्ही आकाराचं हाड म्हणजे एकत्र जुळलेल्या दोन गळपट्ट्या (कॉलरबोन). पंखाचं वरचं हाड पोकळ असतं, श्वासाची हवा तिथवर पोचते. पायाच्या नळीचं काम वेगळं : तिच्या मज्जेत रक्तपेशी तयार होतात, आणि अंड्यावर आलेली कोंबडी तिथेच कॅल्शियम साठवून रात्री कवचासाठी काढून घेते.

पाय लावताना बहुतेकजण चुकतात. उलटा वाकलेला तो गुडघा नव्हे, टाच. खरा गुडघा वर, मांडीपाशी, पिसांत लपलेला असतो. आटपाडीकडच्या खिलार बैलाचा मागचा पाय बघा, तिथेही तसंच : टाच उंचावर आणि बैल चालतो नखांवर.

सगळं पटलं की फेविकॉलने चिकटवा.

एक बरगडी मात्र बाजूला काढून काचेच्या बरणीत व्हिनेगरमध्ये चार-पाच दिवस बुडवा. कॅल्शियमचे क्षार विरघळतात, मागे कोलॅजन हे चिवट प्रथिन उरतं आणि हाड रबरासारखं वाकतं. मुलांना ते ओलं असतानाच वाकवू द्या, वाळलं की पुन्हा ताठ होतं.