बस-ट्रक अपघाताचा दावा: माझा अनुभव
ट्रकने आमच्या बसला मागून धडक दिली, त्यात माझ्या खांद्याचं हाड मोडलं. ट्रकवाले बसचालकाकडे बोट दाखवत होते, बसवाले ट्रककडे. वकिलांनी दोघांनाही प्रतिवादी केलं, तेव्हा कुठे गाडं हललं.

त्याआधीच त्यांनी पत्र पाठवून बसमधल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग जपून ठेवायला लावलं होतं, कारण जुन्यावर नवं रेकॉर्डिंग चढत जातं आणि पुरावाच पुसला जातो. ट्रकच्या वेगाची नोंदही मागवली. धडकेआधी ब्रेक लागलाच नव्हता, हे त्यात स्वच्छ दिसलं! तिकीट, बिलं माझ्याकडे होतीच. बस सरकारी असेल तर नोटीस देण्याची काही वेगळी मुदत आहे का, ते पहिल्यांदा विचारा. विमा कंपनीने लगेच रक्कम देऊ केली, पण उपचार संपेपर्यंत मी सही केली नाही.