जुन्या गाडीची गळकी पेट्रोल टाकी आणि फ्लोट युनिट बदलताना

टाकीखाली ओल दिसली म्हणजे टाकीच फुटली असं धरू नका. काठोकाठ भरल्यावरच वास येत असेल, तर दोष बहुधा वर असतो: फ्लोट युनिटची (टाकीतल्या पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या तरंगत्या भागाची) गॅस्केट, पेट्रोल भरायच्या नळीचा होज किंवा हवेची नळी. पाव टाकीवरही थेंब पडत असेल तर तळ गेलाय. पत्रा मुख्यतः दोन ठिकाणी सडतो. एक टाकी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांखाली, कारण तिथलं फेल्ट (जाड लोकरी कापड) ओल धरून ठेवतं. दुसरं तळाशी आतून, कारण पाणी पेट्रोलपेक्षा जड. ते खाली साचून पत्रा खात राहतं. अशा टाकीला बाहेरून एपॉक्सी फासणं म्हणजे दिवस ढकलणं.

वेल्डिंगचा तर विचारही करू नका. हवेत पेट्रोलची वाफ साधारण 1.4 ते 7.6 टक्के असली की ठिणगीने भडका उडतो, आणि रिकाम्या टाकीत हे प्रमाण सहज जमून येतं. काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक, ती यामुळेच.

टाकी उतरवणारच असाल तर फ्लोट युनिटही त्याच वेळी बदला. नवं युनिट आणण्याआधी गेज (डॅशबोर्डवरचं पेट्रोलचा काटा दाखवणारं मीटर) ठीक आहे का ते बघा. इग्निशन चालू करून फ्लोटकडून येणारी तार क्षणभर बॉडीला टेकवा आणि मग मोकळी सोडा. काटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला तर गेज शाबूत आहे. ही चाचणी गेजच्या मागच्या जोडावर करा, टाकीजवळ मुळीच नको; ठिणगी उडते.

युनिट घेताना नुसता आकार जुळवू नका, ओहम (विजेचा रोध) जुळवा. काही गाड्यांत रिकाम्या टाकीला 0 आणि भरलेल्या टाकीला 90 ओहम असतात, काहींत 10 ते 180, काहींत उलटं, 240 वरून 33. चुकीचं युनिट बसेल छान, पण काटा कायम खोटं सांगेल.

काम मोकळ्या हवेत, सपाट जागी करा. गॅरेजच्या खड्ड्यावर नको; वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात उतरून साचते. उजेडाला बॅटरीवरची एलईडी टॉर्च घ्या, बल्बचा हातदिवा नको. कोरड्या पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. पट्ट्यांच्या नटांवर आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, नाहीतर स्टडच तुटतो. इंजेक्शनची गाडी असेल तर पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

टाकी शक्य तेवढी आधीच वापरून संपवा. 40 लिटर पेट्रोल जवळजवळ 30 किलो भरतं, आणि ते आत हिंदकळत असताना टाकी सावरता येत नाही. उरलेलं हातपंपाने काढा. नळी तोंडाने ओढू नका. कॅन जमिनीवरच ठेवा.

गाडी मागून उचलून स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. सगळ्या नळ्यांचे फोटो काढा, चिकटपट्टीवर नावं लिहून लावा. टाकीखाली फळी ठेवून दुसरा जॅक टेकवा, नट सोडा आणि टाकी हातभर नव्हे, वीतभरच उतरवा. वरचे होज आणि तारा अजून जोडलेल्या असतात, हे विसरलं की नळी तुटते. घट्ट बसलेला होज ओढू नका. फिरवून बघा, नाहीच निघाला तर लांबीत चीर द्या. तो पुन्हा वापरायचा नाहीच. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर मऊ करतं, म्हणून नव्या होजवर एसएई जे30 आर9 (पेट्रोलच्या होजचं मानक) छापलेलं बघून घ्या.

नवी आणि जुनी टाकी शेजारी ठेवून प्रत्येक नळीची जागा ताडून बघा. आत टॉर्च मारा. पत्र्याचा कीस राहिला असेल तर तो थेट फिल्टरमध्ये जाईल. नवं युनिट बसवण्याआधी त्याला मल्टीमीटर लावून फ्लोटचा दांडा तळापासून वरपर्यंत सावकाश हलवा. आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच उडी मारली तर युनिटमधली रोधाची पट्टी खराब आहे, युनिट परत करा. जुनं पितळी फ्लोट कानाशी हलवून बघा. आत पेट्रोल डुचमळलं तर काटा रिकाम्यावर का अडकायचा ते कळेल.

युनिटची लॉक रिंग (त्याला टाकीत घट्ट धरणारी कडी) पितळी दांड्याने ठोकून फिरवा, लोखंडी छिन्नीने नको. ओ-रिंग नवीच घाला. सिलिकॉन लावू नका. पेट्रोलमध्ये ते फुगून सुटतं आणि त्याचे तुकडे जाळीत अडकतात. पट्ट्यांखाली नवे रबर द्या. टाकी रंगवलेली आणि रबरावर बसलेली, त्यामुळे तिला अर्थिंग आपोआप मिळत नाही. युनिटपासून चेसीच्या घासून चकचकीत केलेल्या जागेपर्यंत वेगळी तार ओढा. नवं युनिट बसवूनही काटा भलतंच दाखवत असेल तर पहिल्यांदा हीच तार तपासा.

टाकी चढली की हवेची नळी कुठे चिमटली नाही ना, हे पुन्हा बघा. ती बंद राहिली तर टाकीत निर्वात तयार होऊन गाडी थोडी चालून बंद पडते, आणि झाकण उघडलं की 'हिस्स' आवाज येतो. आधी 5 लिटर घालून तळ आणि खालचे जोड कोरड्या कागदाने पुसून बघा. मग टाकी पूर्ण भरा, कारण वरची गॅस्केट आणि भरायचा होज गळतात ते तेव्हाच. फिल्टर आत्ता एकदा बदला आणि दोनेक टाक्या संपल्यावर पुन्हा एकदा. पट्ट्यांचे नटही तेव्हाच परत आवळा. नवे रबर दबून ते थोडे ढिले पडलेले असतात.