ऊर्जेविषयीची बातमी हातात पेन्सिल घेऊन कशी वाचावी

ऊर्जेच्या क्षेत्रातील नव्या शोधाची किंवा नव्या प्रकल्पाची बातमी पारखण्यासाठी विज्ञानाच्या पदवीची गरज नसते. घरचे विजेचे बिल, एक पेन्सिल आणि दहा मिनिटांचा वेळ एवढे साहित्य बहुतेक वेळा पुरते. अशा बातम्यांत सरसकट खोटे क्वचितच असते, पण खरी संख्या चुकीच्या जागी ठेवलेली वारंवार आढळते, आणि ती योग्य जागी नेऊन ठेवण्याची सवय वाचकाला लावून घेता येते. ती कशी लावावी हे प्रत्यक्ष उदाहरणांवरून पाहू.

पहिले काम एककांचे आहे. बिलावर ज्याला आपण ‘युनिट’ म्हणतो ते म्हणजे एक किलोवॉट-तास, अर्थात ३६ लाख जूल किंवा ३.६ मेगाजूल ऊर्जा. दोन हजार वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट खर्च होते, दहा वॉटचा एलईडी दिवा शंभर तास जळला तरी तेवढेच. किलोवॉट किंवा मेगावॉट हा ऊर्जा वापरण्याचा वा निर्माण करण्याचा वेग झाला, तर किलोवॉट-तास ही प्रत्यक्ष वापरलेली ऊर्जा. नळाची धार आणि बादलीतील पाणी यांत जो फरक, तोच येथे आहे. बातमी लिहिणाऱ्यांकडून सर्वाधिक गल्लत याच ठिकाणी होते, म्हणून बातमीतील प्रत्येक संख्येखाली ती धार आहे की बादली, हे आधी लिहून ठेवावे. ‘२५० मेगावॉटची बॅटरी’ असे वाचले की माहिती अर्धीच मिळाली असे समजावे. ती बॅटरी १,००० मेगावॉट-तास ऊर्जा साठवत असेल तर पूर्ण क्षमतेने चार तास वीज देईल, आणि ५०० मेगावॉट-तास साठवत असेल तर दोनच तास. संध्याकाळी सहा ते दहा या वेळेतील वाढीव मागणी भागवण्याच्या दृष्टीने या दोन बॅटऱ्या अगदी वेगळ्या आहेत.

दुसरे काम स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांना वेगळे करण्याचे. महाराष्ट्रातील कोयना जलविद्युत प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे. तो चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला सुमारे ४.७ कोटी युनिटे होतील, परंतु वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याचा वार्षिक वाटा कृष्णा पाणी तंटा लवादाने ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) इतका ठरवून दिलेला असल्यामुळे तसे करता येत नाही, आणि करण्याची आवश्यकताही नसते. कोयनेचे खरे मोल मागणी वाढताच काही मिनिटांत वीज देण्यात आहे. म्हणून एखादा सौर प्रकल्प ‘कोयनेएवढा’ असल्याचे सांगितले गेले, तर केवळ मेगावॉटची ती तुलना फारशी उपयोगाची नाही, कारण सूर्य मावळल्यावर मागणी चढत असताना त्या प्रकल्पाला स्वतःहून काहीच देता येत नाही.

सौर क्षमतेचा अंदाज बांधण्यासाठी मी एक ढोबळ आकडा पाठ करून ठेवला आहे, आणि तो वाचकांनीही करावा असे मला मनापासून वाटते: आपल्याकडील छतावरचे एक किलोवॉटचे सौर पॅनेल वर्षभराची सरासरी काढल्यास दिवसाला सुमारे चार युनिटे देते. म्हणजे एक मेगावॉटला दिवसाला ४,००० युनिटे आणि वर्षाला साधारण साडेचौदा लाख. महिन्याला शंभर युनिटे वापरणारे घर वर्षाला १,२०० युनिटे खर्च करते, तेव्हा एक मेगावॉटचा हिशेब सुमारे १,२०० घरांवर येतो. ‘अमुक लाख घरांना पुरेल एवढी वीज’ असे वाक्य दिसताच हा भागाकार करून पाहावा. उत्तर दुप्पट किंवा निम्मे आले तर फारसे बिघडत नाही, कारण घरांचा वापर वेगवेगळा असतो. दहापट फरक पडला तर मात्र कोणीतरी मोठी गल्लत केलेली आहे.

हाच विचार देशाच्या पातळीवरही लागू पडतो. २०२५ च्या जून अखेरीस भारताच्या एकूण स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्याच्या वर गेला. ही मोठी घटना आहे आणि तिचे स्वागतच करायला हवे. तरीही त्या वर्षी देशात प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेपैकी निम्म्याहून बरीच अधिक वीज कोळशापासूनच आली. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, कारण पहिल्यात धार मोजली आहे आणि दुसऱ्यात बादली.

आता थोडा अवघड, पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. कोणत्याही ऊर्जेच्या दाव्याभोवती एक कुंपण असते, आणि त्या कुंपणाच्या आत काय धरले व बाहेर काय ठेवले यावर सारा हिशेब अवलंबून असतो. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९२ लेझर झोतांनी हायड्रोजनच्या समस्थानिकांनी भरलेली एक लहानशी गोळी ठेवलेल्या धातूच्या नळकांडीवर मारा केला. लेझरने २.०५ मेगाजूल ऊर्जा दिली आणि अणुकेंद्रकांच्या संमीलनातून ३.१५ मेगाजूल बाहेर पडली. ‘दिल्यापेक्षा अधिक ऊर्जा मिळाली’ ही बातमी जगभर झळकली. आता पेन्सिल हाती घ्यावी. ३.१५ ला ३.६ ने भागले तर ०.८७५ येते, म्हणजे मिळालेली ऊर्जा एका युनिटापेक्षाही कमी होती. शिवाय ते लेझर चालवण्यासाठी वीजजाळ्यातून सुमारे ३०० मेगाजूल, म्हणजे ८३ युनिटे घेतली गेली होती. वैज्ञानिकांचा दावा त्या नळकांडीपर्यंत पोहोचलेल्या लेझरपुरता होता, त्यांनी तो तसाच मांडला होता आणि तो पूर्णपणे खरा आहे. कित्येक दशकांच्या परिश्रमांचे ते फळ होते, आणि माझ्या मते त्याचे महत्त्व या भागाकाराने तसूभरही कमी होत नाही. या भागाकारातून वीजनिर्मिती केंद्र अजून किती दूर आहे एवढेच कळते.

हाच निकष फ्रान्समधील कादाराश येथे उभारल्या जात असलेल्या ‘इटर’ या आंतरराष्ट्रीय संमीलन प्रकल्पाला लावावा. भारत त्याच्या सात सदस्यांपैकी एक आहे, आणि त्यातील क्रायोस्टॅट हे अवाढव्य आवरण गुजरातमधील हजिरा येथे तयार झाले. प्लाझ्माला, म्हणजे ज्यात संमीलन घडते त्या अतितप्त विद्युतभारित वायूला, ५० मेगावॉट उष्णता द्यायची आणि ५०० मेगावॉट मिळवायची, हे इटरचे उद्दिष्ट आहे. हे ५०० मेगावॉट उष्णतेचे आहेत, विजेचे नव्हेत, कारण इटर वीजनिर्मितीसाठी बांधला जात नाही, आणि आत दिलेले ५० मेगावॉट म्हणजे संपूर्ण संयंत्राचा वीजवापर नव्हे. बातमीत ‘दहापट ऊर्जा’ असे शब्द दिसले की कुंपण कोठे घातले आहे हे शोधण्यासाठी मूळ निवेदन उघडावे. बहुधा ते त्यात स्पष्ट लिहिलेले असते.

हायड्रोजनच्या बाबतीत कुंपणाचा प्रश्न आणखी साधा आहे. मोकळा हायड्रोजन निसर्गात सहजासहजी हाती लागत नसल्याने तो तयार करावा लागतो, आणि पाण्याच्या विद्युत अपघटनाने एक किलो हायड्रोजन मिळवण्यास ५० ते ५५ युनिटे वीज लागते. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेने २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे आणि त्यासाठी सुमारे १२५ गिगावॉट नव्या नवीकरणीय क्षमतेचे उद्दिष्ट ठेवले. हे दोन आकडे एकमेकांशी जुळतात का, हे घरबसल्या तपासता येते. ५० लाख टन म्हणजे ५०० कोटी किलो, आणि त्याला किलोमागे ५० युनिटे धरली तर २५,००० कोटी युनिटे लागतात. उलट १२५ गिगावॉट, म्हणजे १२.५ कोटी किलोवॉट, वर्षाचे ८,७६० तास अखंड चालले तर १,०९,५०० कोटी युनिटे होतील. पहिल्या संख्येला दुसरीने भागल्यास सुमारे २३ टक्के येतात. सौर आणि पवन संयंत्रे मिळून वर्षभरात आपल्या क्षमतेच्या जवळपास एवढाच भाग प्रत्यक्षात देतात, तेव्हा आकडे आपापसांत जुळतात. उद्दिष्ट वेळेत गाठले जाईल की नाही हा निराळा प्रश्न आहे, पण निदान गणित सुसंगत आहे हे आपण कोणाच्या सांगण्यावरून न मानता स्वतः पडताळून पाहिले. मला या पडताळणीचा आनंद शोधाच्या बातमीइतकाच मोठा वाटतो.

यानंतर शोध प्रयोगशाळेत आहे, कारखान्यात आहे की बाजारात, हे विचारावे. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट या स्फटिकरूप पदार्थाचा थर दिलेल्या सौर घटांनी ३४ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता गाठल्याच्या बातम्या २०२४ आणि २०२५ मध्ये आल्या, आणि त्या खऱ्या आहेत. तो विक्रम सुमारे एक चौरस सेंटीमीटरच्या, म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या घटावरचा होता. सप्टेंबर २०२४ मध्ये याच प्रकारची पहिली व्यापारी पॅनेले ग्राहकाकडे रवाना झाली, तेव्हा त्यांची कार्यक्षमता २४.५ टक्के होती. छतावर बसणारे पॅनेल पंचवीस वर्षे ऊन, दमट हवा आणि पाऊस सोसते की नाही, याचे उत्तर पेरोव्हस्काइटच्या बाबतीत अजून मिळायचे आहे, म्हणून कार्यक्षमतेच्या आकड्याशेजारी क्षेत्रफळ आणि टिकाऊपणा यांची नोंद शोधावी. बॅटरीच्या बातमीत याच जागी किलोमागे वॉट-तास, चार्जिंगची किती आवर्तने आणि आकडा एका सेलचा की संपूर्ण पॅकचा, या तीन गोष्टी पाहाव्यात. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यातीलच आयसर या विज्ञान संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान जाहीर केले, त्यात किलोमागे १०० ते १७० वॉट-तास अशी मर्यादा दिली होती. लिथियमच्या उत्तम सेलच्या तुलनेत हा आकडा कमी आहे, परंतु सोडियम मुबलक असल्याने रिक्षा, दुचाकी किंवा स्थिर साठवणूक यांसाठी तो पुरेसा ठरू शकतो.

शेवटी, इतरांना तोच परिणाम मिळाला का, हे पाहणे. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी ‘एलके-९९’ हा पदार्थ सामान्य तापमानाला अतिसंवाहक, म्हणजे विजेला कोणताही रोध न करणारा, असल्याचा दावा तज्ज्ञांच्या समीक्षेआधीच प्रसिद्ध केलेल्या एका लेखात केला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसह अनेक ठिकाणी तो पदार्थ तयार करून पाहण्यात आला, आणि काही आठवड्यांतच दावा टिकत नसल्याचे दिसून आले. विद्युतरोधात जी अचानक घट दिसली होती ती नमुन्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे होती, कारण त्या संयुगाची रचना सुमारे १०४ अंश सेल्सिअसला बदलते. समीक्षित नियतकालिकातील लेखालाही हीच कसोटी लागू आहे: सामान्य तापमानाच्या अतिसंवाहकतेचा आणखी एक दावा मार्च २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला होता आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तो मागे घेण्यात आला. म्हणून अशी बातमी वाचली की तिच्यावर मत बनवण्याआधी निदान दोन महिने थांबावे आणि दुसऱ्या प्रयोगशाळेचे नाव दिसते का ते शोधावे.

थांबण्यासाठी वही उपयोगी पडते. तारीख, दावा, एकक, कुंपण आणि टप्पा अशा पाच रकान्यांची एक ओळ प्रत्येक मोठ्या बातमीसाठी लिहावी, आणि वर्षाने ती पुन्हा उघडून पुढची नोंद जोडावी. लिव्हरमोरच्या ओळीत ३.१५ मेगाजूलनंतर २०२३ च्या जुलैचे ३.८८ आणि २०२५ च्या एप्रिलचे ८.६ असे आकडे येतात. ८.६ मेगाजूल म्हणजे जवळपास २.४ युनिटे, आणि त्याच्या शेजारी वीजजाळ्यातून घेतलेल्या सुमारे ८३ युनिटांचा जुना आकडा तसाच ठेवावा.