फ्लॉरेन्सला जोडीने जाताय? पहिल्या दिवशी या चुका टाळा

मी फ्लॉरेन्समध्ये राहते. त्यामुळे एप्रिल उजाडला की नात्यातल्या, ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या जोडप्यांचे प्लॅन व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडायला लागतात. ‘काकू, पहिल्या दिवसाचं एकदा बघून द्याल का?’ उघडून बघायचीही गरज नसते. सकाळी रोमहून गाडी, मग कॅथेड्रलचा घुमट, मग उफित्सी चित्रसंग्रहालय, मग डेव्हिडचा पुतळा, मग पोन्ते वेक्यो हा जुना पूल, सूर्यास्ताला पियात्साले मिकेलांजेलो हा उंचावरचा चौक आणि रात्री बिस्तेक्का, म्हणजे गोमांसाचा जाडजूड तुकडा. जेवायला अर्धा तास. चालायला वेळच धरलेला नसतो.

गाव लहान आहे, हे सगळं पायी होण्यासारखं आहे, हे खरं. पण इथे प्रत्येक गोष्टीची वेळ ठरलेली असते, तिकिटाचीही आणि स्वयंपाकघराचीही, आणि ती तुमच्यासाठी कोणी पुढेमागे करत नाही.

चुकीच्या रांगेत उभं राहणं

सगळ्यात जास्त रडवणारी चूक हीच. डुओमोत, म्हणजे इथल्या कॅथेड्रलमध्ये, प्रवेश फुकट आहे. त्याची लांबलचक रांग दर्शनी बाजूला लागते. ब्रुनेलेस्की या वास्तुविशारदाने बांधलेल्या घुमटावर चढायचं तिकीट वेगळं, त्याची वेळ ठरलेली आणि दारही वेगळं. ते उत्तरेच्या बाजूला आहे, पोर्ता देल्ला मांदोर्लापाशी. आरक्षणाच्या ईमेलमध्ये हे लिहिलेलं असतं. ईमेल कोणी वाचत नाही, क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढतात आणि निघतात.

गेल्या मे महिन्यात माझ्या मामेबहिणीच्या दिराचा मुलगा आणि त्याची बायको पुण्याहून आले होते. घुमटाची बाराची वेळ. हॉटेलात खोली दोनला मिळणार, म्हणून दोघं स्टेशनवरून बॅगा ओढत थेट डुओमोवर. सव्वाबाराला त्याचा फोन. ‘काकू, तिकीट असूनसुद्धा एवढी रांग असते का? पाऊण तास झाला, हलतच नाहीये.’

मी विचारलं, समोर काय दिसतंय? म्हणाला, पांढरी-हिरवी भिंत आणि मोठं दार. आणि मनोरा कुठे आहे? ‘उजवीकडे.’ मला काय ते कळलं. म्हटलं, अरे, ती फुकटवाली रांग आहे, डाव्या हाताने इमारतीला वळसा घाल आणि पळ. फोन चालूच होता. फरसबंदीवरून चाकांचा खडखडाट, मागून बायकोचा आवाज, ‘मी मघापासून सांगतेय, कुणाला तरी विचारू या.’ दारावरच्या बाईने आधी तिकिटावरची वेळ बघितली, मग बॅगा बघितल्या आणि मान हलवली. उशीर झाला होताच, पण वेळेवर पोचले असते तरी त्या बॅगा वर नेऊ दिल्या नसत्या. पैसे गेले, पुढच्या दिवसांच्या वेळा भरलेल्या. संध्याकाळी माझ्याकडे चहाला आले तेव्हा दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलत होती.

बॅगांचं आधी सांगते. खोली तयार नसली तरी बहुतेक हॉटेलं सामान ठेवून घेतात, फक्त विचारावं लागतं.

आणि घुमट मी पाहुण्यांना पहिल्या दिवशी करूच देत नाही. ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. वरचा रस्ता घुमटाच्या दोन कवचांच्या मधून जातो. अरुंद, तिरका, उन्हाळ्यात गुदमरायला लावणारा. १४२० ते १४३६ या काळात जमिनीपासून लाकडी आधार न उभारता हा घुमट बांधला, आणि ते कसं जमवलं याची थोडी कल्पना तिथल्या तिरप्या रचलेल्या विटा जवळून पाहिल्यावर येते. पाय लटपटत असताना विटा कोण बघतंय? दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली वेळ घ्या. घुमटाचा पास तीन दिवस चालतो, त्यातच जॉत्तोचा मनोरा, बाप्तिस्तेरी (बाप्तिस्म्याची वेगळी इमारत) आणि डुओमोचं संग्रहालय येतं. मनोऱ्याला ४१४ पायऱ्या. दोन्ही एकाच दिवशी चढणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार. एकच चढायचं असेल तर मी मनोरा सांगते, कारण घुमटावर उभं राहिलं की घुमटच दिसत नाही.

चार वाजता भूक लागणं

इथली बरीचशी बरी खाणावळ दुपारी अडीच-तीनला चूल बंद करते आणि संध्याकाळी सात-साडेसातशिवाय पेटवत नाही. आपले लोक हॉटेलात भरपेट नाश्ता करतात, ‘जेवण नंतर बघू’ म्हणतात आणि चारला कासावीस होऊन डुओमोसमोर पहिल्या दिसलेल्या टेबलावर बसतात. तिथे मेन्यूवर पदार्थांचे फोटो असतात, दारात हाक मारून बोलावणारा माणूस असतो, आणि पिझ्झा खाताना फ्रीझरची आठवण येते. बिलात कोपेर्तो दिसला की मग वेटरशी हुज्जत. तो फसवणूक नाही हो. माणशी दोन-तीन युरो बसण्याचे आणि पावाचे लागतात आणि मेन्यूवर छापलेले असतात. भांडायचंच असेल तर पिझ्झ्यावरून भांडा.

माझी सवय साधी आहे: साडेबाराला टेबलावर. ते चुकलंच तर मेर्कातो चेंत्राले. १८७४ सालची लोखंड-काचेची मंडई आहे, तिच्या वरच्या मजल्यावर दिवसभर खायला मिळतं. नाहीतर स्कियाच्चाता, म्हणजे तेल पाजलेला चपटा पाव, मध्ये चीज आणि भाज्या भरून. तो घेऊन फूटपाथवर किंवा कुणाच्या दुकानाच्या पायरीवर मात्र बसू नका. विया दे नेरी आणि आसपासच्या गल्ल्यांत असं बसून खाण्यावर पालिकेने २०१८ मध्ये दंड लावला होता.

गोमांस खात नसाल तर लाम्प्रेदोत्तोपासून सावध. रील्समध्ये तो रसरशीत सँडविच म्हणून मिरवतो. ते गायीचं चौथं जठर असतं. आधी घास आणि मग चौकशी, हा प्रकार मी समोर घडलेला पाहिला आहे. शाकाहाऱ्यांसाठी रिबोल्लिता आणि पाप्पा आल पोमोदोरो, दोन्ही शिळ्या पावाचे पदार्थ. पहिल्यात काळपट कोबीची पानं आणि पांढरे घेवडे, दुसऱ्यात टोमॅटो. फोडणीच्या पोळीवर वाढलेल्या माणसाला हे पटकन आवडतं. रिबोल्लितात पांचेत्ता म्हणजे डुकराचं मांस घातलंय का, एवढं विचारून घ्या.

पाव अळणी लागतो. तो तसाच असतो, मीठ घालतच नाहीत, सोबतचं चीज आणि हॅम खारट असतं. वेटरकडे तक्रार करू नका.

बिस्तेक्का फिओरेंतिना मागवणाऱ्यांनी नीट वाचा: मेन्यूवरचा आकडा किलोचा असतो, प्लेटचा नव्हे. हाडासकट तुकडा सहसा किलोभराच्या पुढेच असतो. आणि तो आत लालच येतो. ‘पूर्ण शिजवून द्या’ म्हणायचं असेल तर दुसरं काहीतरी मागवा. आचाऱ्याचाही जीव जातो आणि तुमचे पैसेही.

सोमवारी येणं

उफित्सी आणि डेव्हिड जिथे आहे ते अकादेमिया संग्रहालय, दोन्ही सोमवारी बंद. एवढं तरी तारीख ठरवताना बघा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात. त्या दिवशी मी घराबाहेर पडत नाही. रांगेत अर्धा दिवस घालवून तिकीट वाचवणारे लोक तिथवर विमानाने आलेले असतात, हे विशेष.

डेव्हिड पाहिला, असं समजणं

पियात्सा देल्ला सिन्योरिया या चौकात उभा आहे तो नक्कल आहे, १९१० मध्ये बसवलेला. मायकेलअँजेलोचा मूळ पुतळा १८७३ पासून अकादेमियात आहे. नकलेसोबत फोटो काढा, काही बिघडत नाही, पण ‘झालं, आता अकादेमिया कशाला’ म्हणू नका. पाच मीटरच्या वर उंच आहे. त्याचा उजवा हात शरीराच्या मानाने किती मोठा कोरलाय ते खाली उभं राहिल्यावरच जाणवतं.

कोल्हापूर विसरणं

ही चूक जवळजवळ सगळेच करतात. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी या शहरात वारले, ऐन विशीत. कॅशिने उद्यानाच्या पार पश्चिम टोकाला, अर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. १८७४ मध्ये तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा उभारला. रंगीत फेटा, अंगावर दागिने. शेजारच्या पुलालाही त्यांच्यावरूनच नाव पडलंय. एका कोल्हापूरच्या जोडप्याला मी हे सांगितलं तर नवरा म्हणाला, ‘लांब आहे का? मग राहू दे.’ बायको दुसऱ्या दिवशी सकाळी एकटी जाऊन आली. उद्यानाची लांबीच तीन किलोमीटरहून जास्त आहे, सायकल भाड्याने घ्या.

बाकीच्या, पटापट

डोंगरासारखं रचलेलं, भडक रंगाचं जेलातो, म्हणजे इथलं आइस्क्रीम, घेऊ नका. पिस्ता मळकट हिरवा असावा, आणि झाकणाच्या डब्यातून काढून देणारं दुकान मी पसंत करते. पोन्ते वेक्योजवळ कोन हातात घ्यायच्या आधी किंमत विचारा.

कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्या. टेबलावर तीच महाग. कापुचिनो इथे सकाळचं पेय. जेवणानंतर प्यायलात तर कोणी हसेल, हसू दे.

खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला, नाहीतर डुओमोच्या दारातून परत.

पियात्साले मिकेलांजेलोला चढून जायचा त्राण नसेल तर १२ किंवा १३ नंबरची बस. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा, कठडा भरतो.

आणि गाडी भाड्याने घेऊन शहरात शिरू नका. जुन्या भागात परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही. कॅमेरे नंबर टिपतात, प्रत्येक वेळी शिरल्याचा दंड वेगळा, आणि त्याचे कागद काही महिन्यांनी भारतात घरी येतात, तेव्हा गाडीवाल्या कंपनीने स्वतःचं शुल्क कार्डावरून आधीच कापलेलं असतं. गाडी विमानतळावर परत करा, तिथून टी२ ट्राम पकडा. साधारण वीस-पंचवीस मिनिटांत स्टेशनपाशी उतरवते.