पोर्ट्रेटची वेळ सावली सांगते

पोर्ट्रेट शिकायला आलेली मुलं हमखास विचारतात, "फोटो किती वाजता काढायचे?" मीही सुरुवातीला 'गोल्डन अवर', म्हणजे सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा सोनेरी उन्हाचा वेळ, एवढंच घोकलं होतं. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर डिसेंबरात एका जोडप्याचं प्री-वेडिंग होतं. सूर्यास्त सहाच्या सुमाराचा, म्हणून त्यांना पाचला बोलावलं. साडी, केस होईपर्यंत साडेपाच वाजले आणि सूर्य डोंगराआड गेला. कृष्णेच्या पायऱ्यांवर नुसता निळसर उजेड उरला. किती हौसेने आली होती दोघं! मला अजून वाईट वाटतं.

परदेशी व्हिडिओंतल्या वेळा आपल्याकडे चालत नाहीत हे तेव्हा कळलं. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, सोनेरी ऊन युरोपातल्यासारखं रेंगाळत नाही. त्यात डोंगर असला की तेही लवकर संपतं.

तेव्हापासून मी घड्याळाआधी सावली बघते. आपली सावली आपल्या उंचीएवढी असेल तर सूर्य ४५ अंशांवर आहे. त्याहून आखूड असेल तर चेहरा उन्हात ठेवू नका. भुवयांखाली डोळे काळे पडतात, नाकाची सावली ओठावर येते. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा सकाळी दहालाच सावली आखडलेली असते. २१ डिसेंबरच्या आसपास मात्र तो भरदुपारीही जेमतेम ४८ अंश चढतो आणि सकाळी दहाला सावली उंचीच्या दीडपट असते. थंडीतल्या सकाळी खरंच वाया घालवू नका.

पण माझा लाडका उजेड ओसरीतला. अंगणात ऊन, ओसरीत सावली, आणि फरशीवरून उसळून वर येणारा प्रकाश. एकदा एका आजींना तिथे बसवलं होतं. खांबाला टेकल्या तेव्हा चेहरा सपाट दिसत होता. पाट हातभर पुढे, उन्हाच्या कडेपाशी सरकवला आणि दोन्ही डोळ्यांत आकाशाचा पांढरा ठिपका उमटला. सुरकुती न् सुरकुती दिसत होती, पण एकही बोचत नव्हती. सकाळचे अकरा वाजले होते! अशा सावलीत व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंग जुळवणारी सेटिंग) 'शेड'वर ठेवा, नाहीतर त्वचा निळी पडते.

जागा शोधायची सोपी रीत: तळहात चेहऱ्याच्या उंचीवर धरा आणि जागेवरच हळूहळू फिरा. तळवा ज्या दिशेला असताना बोटांच्या कडा मऊ दिसतात आणि तळव्याच्या रेषा उजेडाने भरतात, तिकडे माणसाचं तोंड करा.

पावसाळ्यात ढगाळ दिवस असेल तर दिवसभर काम होतं; फक्त हनुवटी किंचित वर घ्यायला सांगा, कारण उजेड वरूनच येतो.

घाटावरचं काम असेल तर मी आदल्या संध्याकाळी जाऊन उभी राहते, सूर्य डोंगराला किती वाजता टेकतो ते वहीत लिहून ठेवते आणि माणसांना त्याच्या दीड तास आधी, तयार होऊनच बोलावते.