ऑफिस आणि एम.कॉम. दोन्ही एकाच गुगल कीपमध्ये कसं सांभाळायचं

टॅक्स कन्सल्टंटकडे किंवा सीएकडे दिवसभर काम आणि सकाळी नाहीतर रात्री कॉलेजचा अभ्यास, असं ज्यांचं चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. आर्टिकलशिपवाल्यांना (सीएच्या हाताखाली ट्रेनिंग करणाऱ्यांना) तर शंभर टक्के उपयोगी पडेल. नोट्सची अ‍ॅप्स ढीगभर आहेत, पण मी गुगल कीपच सांगते, कारण ते फुकट आहे, अँड्रॉइडवर चटकन उघडतं आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये पण तेच सगळं दिसतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. नोट लिहिणं कुणालाही जमतं, खरी गरज असते ती वीस तारखेला साहेब समोर उभे असताना ती नोट सापडण्याची. म्हणून टायटल देताना आपण नंतर काय शोधणार तेच लिहायचं. "महत्त्वाचं", "आजचं काम" असली टायटल्स अजिबात नकोत, आठवड्यात तशा दहा नोट्स होतात आणि कुठल्या नोटमध्ये काय आहे कळत नाही. क्लायंटचं नाव, महिना, काम, एवढंच, म्हणजे "अमुक ट्रेडर्स ऑगस्ट ३बी" (३बी म्हणजे जीएसटीआर-३बी, महिन्याचं जीएसटी रिटर्न). आणि लिपी एकच ठेवा हं, कारण जीएसटी एकदा देवनागरीत आणि एकदा रोमनमध्ये टाइप केलं की सर्च करताना अर्ध्याच नोट्स समोर येतात आणि आपल्याला वाटतं बाकीच्या उडाल्या.

लेबलं कमी ठेवा. कीपमध्ये भरपूर करता येतात पण तेवढी लागत नाहीत, माझ्या मते ऑफिस, कॉलेज, घर आणि प्रत्येक विषयाचं एक एवढी पुरतात. नोट लिहिता लिहिताच # टाकून लेबलचं नाव लिहिलं की लागतं, वेगळं मेनूत जायला नको. रंग मी फक्त तारखेच्या कामाला वापरते, लाल म्हणजे या आठवड्यात संपवायचं. सगळ्याच नोट्स रंगवल्या की लाल रंगाकडे कुणी बघत नाही.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, महिन्याची चेकलिस्ट. नवीन नोट उघडून चेकबॉक्स चालू करायचे आणि महिन्याची कामं तारखेच्या क्रमाने टाकायची. महिन्याला रिटर्न भरणाऱ्या क्लायंटची माझी अशी आहे:

७ च्या आत टीडीएस चलान, म्हणजे पैसे देताना कापलेला टॅक्स भरणे (मार्चचं ३० एप्रिलपर्यंत)
विक्रीची बिलं आली का, नसतील तर फोन
११ च्या आत जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न)
१४ ला २बी (खरेदीच्या बिलांचं पोर्टलवरचं स्टेटमेंट) येतं, खरेदी त्याच्याशी जुळवणे
न जुळलेल्या बिलांची यादी क्लायंटला
२० च्या आत ३बी

काम झालं की टिक करायचं, टिक केलेलं आपोआप खाली जातं आणि वर फक्त बाकी राहिलेलं दिसतं. महिना संपला की नवीन लिस्ट लिहीत बसू नका, तीन टिंबांच्या मेनूत सगळे टिक एकदम काढायचा ऑप्शन आहे, तो दाबला की तीच लिस्ट पुढच्या महिन्याला तयार. ही नोट पिन करून ठेवा म्हणजे कायम वर राहते. तारखा सरकारने पुढे ढकलल्या तर त्या ओळीतच नवी तारीख लिहायची, महिना संपला की परत जुनी. आणि ज्या कामाला वेळ ठरलेली आहे त्याला घंटीवर दाबून रिमाइंडर लावा, ते आता गुगल टास्क्समध्ये जमा होतात आणि कॅलेंडरमध्ये पण दिसतात.

लेक्चरमध्ये फळ्याचा फोटो काढायची सवय सगळ्यांनाच असते पण तो गॅलरीत लग्नाच्या फोटोंमध्ये हरवतो. त्यापेक्षा कीपमधूनच फोटो काढा, टायटलमध्ये विषय आणि टॉपिक लिहा आणि खाली दोन ओळी स्वतःच्या शब्दांत, सर काय म्हणाले, कुठलं गणित परीक्षेला येतं म्हणाले. या दोन ओळी त्याच दिवशी लिहायला हव्यात, नंतर फोटो बघून काही आठवत नाही. पुस्तकाच्या छापील इंग्रजी पानाचा फोटो असेल तर त्यातला मजकूर बाहेर काढायची सोय पण आहे, फक्त आकडे एकदा मूळ पानाशी ताडून बघा. हाताने लिहिलेलं मात्र नीट निघेलच असं नाही. बसमध्ये उभं असताना टाइप होत नसेल तर जीबोर्डचा (गुगलच्या कीबोर्डचा) मराठी माइक दाबून बोला, बऱ्यापैकी बरोबर लिहितो, क्लायंटची नावं तेवढी नंतर सुधारायची.

ऑफिसातून निघताना पाच मिनिटं काढाच. संपलेली नोट डिलीट करू नका, आर्काइव्ह करा, समोरून जाते पण सर्चमध्ये येते. सहा महिन्यांनी क्लायंटला नोटीस आली की "तेव्हा फोनवर काय बोलणं झालं होतं" हे त्याच नोटमध्ये सापडतं. डिलीट केलेली नोट ट्रॅशमध्ये ७ दिवस असते, मग कायमची जाते.

नोट शेअर करताना जरा सांभाळून. ज्याला शेअर केली तो ती बदलू पण शकतो, नुसतं वाचायला देता येत नाही, त्यामुळे ग्रुप प्रोजेक्टची "कुणी काय करायचं" यादी शेअर करायला मस्त, पण ऑफिसची नोट उगाच कुणाला जोडू नका. आणि क्लायंटचे पोर्टलचे पासवर्ड, पॅन, बँकेचे नंबर कीपमध्ये कधीच नकोत, एकेका नोटला कुलूप लावायची सोय तिथे नाही आणि फोन घरात दहा जण हाताळतात.

परीक्षा जवळ आली की वेबवर कीप उघडून विषयाचं लेबल दाबा, हव्या त्या नोट्स एकेक करून सिलेक्ट करा आणि मेनूतून गुगल डॉक्समध्ये कॉपी करा, सगळ्या एका फाइलमध्ये येतात. टॉपिकप्रमाणे वरखाली लावून प्रिंट काढा. ज्या टॉपिकची एकही नोट त्यात नाही तो आधी वाचायला घ्या.